बहुवर्षायू फुलझाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या बागेतल्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांची तक्रार एकच असते, "झाड हिरवंगार आहे, पण फूल धरत नाही." अशा वेळी हात आधी खताकडे जातो. माझं म्हणणं असं, की आधी ऊन बघा, मग कात्री हातात घ्या आणि खताचा विचार तिसरा करा. पुढची बरीचशी उत्तरं याच क्रमाने येतील.

१. बहुवर्षायू म्हणजे एकदा लावलं की कायमचं का?

नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त जगतं आणि पुन्हापुन्हा फुलतं ते बहुवर्षायू. झेंडू किंवा तेरडा एका हंगामात उगवून, फुलून, बी धरून संपतो. जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांची खोडं लाकडासारखी टणक होतात आणि ती दशकानुदशकं साथ देतात. कर्दळ, निशिगंध, डेलिली यांचा मुक्काम जमिनीखालच्या कंदात किंवा गड्ड्यात असतो. वरचा भाग सुकला तरी झाड आत जिवंत असतं.

मधल्या वयाचीही झाडं आहेत. जर्बेरा तीन-चार वर्षांत दमतो. सदाफुली दोनेक वर्षांनी लांबोडकी होते, खालून उघडी पडते, तेव्हा तिची नवी रोपं करणं बरं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'बहुवर्षायू' हे हवामानावरही अवलंबून असतं. सदाफुली मूळची मादागास्करची. उबदार हवेत ती वर्षानुवर्षं राहते, पण जिथे हिवाळ्यात गोठतं तिथे तीच एका हंगामाचं झाड म्हणून लावतात.

२. 'भरपूर ऊन' म्हणजे किती? माझ्या जागेत ते येतं की नाही कसं ओळखू?

रंगीत फुलांच्या बहुतेक झाडांना दिवसाला सहा तास थेट ऊन लागतं. थेट म्हणजे पानाची ठसठशीत सावली पडेल असं. 'जागा उजेडाची आहे' आणि 'जागेत ऊन येतं' यांत फार फरक आहे. आपल्या डोळ्यांना सावलीतही लख्ख दिसतं, त्यामुळे आपला अंदाज चुकतो.

म्हणून मोजा. एखाद्या निरभ्र दिवशी सकाळपासून दर तासाला उन्हाची कड जिथे येईल तिथे खडूने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. संध्याकाळी जमिनीवर तुमच्या बागेचा नकाशा तयार असतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ज्या कोपऱ्याला मी 'दिवसभर उन्हाचा' समजत होते, तिथे जेमतेम साडेतीन तास भरले. दोन वर्षं तिथे गुलाब का रुसला होता, ते त्या रेघांवरून कळलं.

ही मोजणी वर्षातून दोनदा तरी करा. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो, भिंतींच्या सावल्या लांबतात आणि उन्हाळ्यात न्हाऊन निघणारा वाफा पूर्ण सावलीत जाऊ शकतो.

३. पहिल्यांदाच बाग करतेय. कोणती झाडं घेऊ?

पाच-सहाच घ्या, पंचवीस नकोत. उन्हाची जागा असेल तर जास्वंद, सदाफुली, इक्झोरा, पेंटास आणि एखादी बोगनवेल. ही सगळी उबदार हवेची आणि चुका पोटात घालणारी झाडं आहेत. सुगंध हवा असेल तर मोगरा घ्या. गुलाब आणि हायड्रेंजिया दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. ती अवघड नाहीत, पण त्यांच्या सवयी कळायला आधी हात बसलेला बरा.

यादीपेक्षा जागा महत्त्वाची. फोटोत आवडलेलं फूल आपल्या जागेत बसवायला गेलं की दोघांचेही हाल होतात.

४. माझ्याकडे ऊनच येत नाही. सावलीत रंग मिळेल का?

मिळेल, पण फुलांचा पाऊस पडणार नाही. दोन-तीन तासांचं सकाळचं कोवळं ऊन असेल तर अबोली आणि बिगोनिया चांगल्या रमतात. थेट ऊन अजिबात नसून उजेड मात्र चांगला असेल तर अँथुरियम आणि पीस लिली लावा. अँथुरियमचा लालभडक भाग म्हणजे खरं तर रूप बदललेलं पान. फुलं असतात ती मधल्या दांड्यावर, अगदी बारीक. म्हणूनच तो रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. बाकीची पोकळी पानांच्या रंगांनी भरा. कोलियसची पानं एखाद्या फुलालाही मागे टाकतात.

५. रोप विकत घेताना फुलांनी लगडलेलं घ्यावं ना?

उलट, कळ्या असलेलं पण अजून न फुललेलं घ्या. फुलांचा रंग पडताळायला एखादं फूल पुरे. लगडलेल्या रोपाने आपली शक्ती आधीच खर्ची घातलेली असते आणि जागा बदलली की ती फुलं गळतात.

पानं उलटून खालची बाजू बघा. कीड तिथेच दडते. कुंडीच्या भोकातून मुळांचा झुपका बाहेर आला असेल तर रोप फार दिवस अडकून पडलं आहे. खोड बुंध्याशी हलवून बघा, ते डगमगता कामा नये. घरी आणल्यावर आठवडाभर इतर झाडांपासून लांब ठेवा.

६. कुंडीच्या तळाशी खडी घालावी का? माती कशी करावी?

खडी घालू नका. खडीने निचरा सुधारतो हा समज फार खोल रुजलेला आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाडसर थरात सहजी उतरत नाही. ते सीमेवर अडतं आणि वरची माती पुरती भिजेपर्यंत तिथेच थांबतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की झालं.

निचरा सुधारायचा तो मातीतच. साधी माती, चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू, सारख्या भागांत. मूठभर ओलं मिश्रण दाबून बघा. गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचला की लगेच फुटायला हवा. झुडपांसाठी सुरुवातीला दहा-बारा इंची कुंडी ठीक. छोट्या रोपाला मोठ्ठी कुंडी देऊ नका, मुळं नसलेली माती ओली राहून नासते.

७. पाणी रोज घालायचं का?

माती विचारेल तेव्हा घालायचं. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर थांबा. मातीच्या कुंडीतलं पाणी बाजूंनीही उडतं, त्यामुळे ती प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर वाळते. घालाल तेव्हा तळातून निथळेपर्यंत घाला. रोज पेलाभर पाणी घातलं तर मुळं वरच्या वर राहतात.

एक सापळा आहे. पाणी जास्त झालेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच माना टाकतं, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. अशा झाडाला घाईने आणखी पाणी घातलं की ते जातंच. माना टाकलेल्या झाडाची माती आधी चाचपा. उन्हाळ्यात मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला, पण ते बुंध्याला टेकू देऊ नका.

८. फुलं येण्यासाठी कोणतं खत घालू?

आधी प्रश्न २ आणि ९ तपासा. ऊन कमी असताना घातलेलं खत पानांत जातं.

नत्र पानं वाढवतं, म्हणून नत्र जास्त झालेलं झाड गर्द हिरवं, माजलेलं आणि फुलांशिवाय दिसतं. शेणखत किंवा गांडूळखत महिन्या-दीड महिन्याने दोन मुठी, वाढीच्या हंगामात, एवढं बहुतेकांना पुरतं. सोबत थोडी निंबोळी पेंड द्या. स्वयंपाकघरातली सालं थेट कुंडीत पुरू नका, चिलटं होतात. आधी त्यांचं कंपोस्ट होऊ द्या. नुकतंच लावलेलं, आजारी किंवा सुकलेलं झाड खत मागत नाही.

पिवळेपणाचीही भाषा वाचायला शिका. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. कडक, क्षारयुक्त पाण्याने हे वारंवार होतं, कारण तशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

९. छाटणी कधी आणि किती करावी? कापायचा जीव होत नाही.

जीव होत नाही हे मला कळतं. पण न छाटलेलं झाड लांबच लांब काटक्या करतं आणि टोकाशी चार फुलं देतं. शेंड्याच्या कोंबातून येणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की ते डोळे जागे होतात, एका फांदीच्या दोन-तीन होतात आणि तितक्याच पटीने फुलं वाढतात.

कधी छाटायचं हे मात्र झाड कुठे फुलतं त्यावर ठरतं. जास्वंद, मोगरा, गुलाब, इक्झोरा, बोगनवेल ही नव्या फुटीवर फुलतात. त्यांची मुख्य छाटणी नवी वाढ सुरू होण्याच्या तोंडावर करा. थंडी सरताना मोगरा अर्धा उतरवला, जुनी पानं काढली, की उन्हाळ्यात तो अंगभर फुलतो. मोठ्या पानांचा हायड्रेंजिया आणि अझेलिया मात्र आदल्या वर्षीच्या फांदीवर कळी धरून बसतात. त्यांना हिवाळ्यात छाटलं तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात. त्यांची छाटणी फुलं संपल्यासंपल्या करा.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर, धारदार आणि पुसलेल्या कात्रीने घ्या. तब्येत नाजूक असलेल्या झाडाची एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटणी नको. कर्दळीचा फुलून संपलेला दांडा मात्र खुशाल जमिनीलगत कापा, शेजारून नवे कोंब येतात. आणि सुकलेली फुलं रोजच्या रोज खुडा. बी धरू लागलेलं झाड नव्या कळ्यांचा नाद सोडतं.

१०. जास्वंदाच्या कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात. काय करू?

गळलेली कळी उचला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून नखाने उघडा. एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या पाकळ्या अलगद सुटतात. मधे रेषेएवढे, सुईच्या टोकासारखे बारीक, चपळ जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे. कळीच्या बुडाशी बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ती कळीमाशी. काहीच नसेल तर कारण बाहेरचं आहे. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिखल, कडाक्याची उष्णता किंवा नुकतीच बदललेली जागा.

कीड असेल तर गळलेल्या कळ्या कुंडीत राहू देऊ नका. गोळा करून पिशवीत बांधून टाका, कारण अळ्या मातीत उतरून तिथेच कोष करतात. हे सात-आठ दिवस नेमाने केलं तरी फरक पडतो. सोबत निंबोळी तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली आणि काही थेंब सौम्य साबण, ऊन उतरल्यावर फवारा. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. जोराच्या पाण्याने धुऊन मग हेच द्रावण मारा.

उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी मिटून गळतं, ते मात्र ठीक आहे. जास्वंदाच्या बहुतेक जातींचं फूल एकाच दिवसाचं असतं.

११. बोगनवेल नुसती वाढतेय, रंग नाही.

तिचे लाड बंद करा. ऊन कमी, पाणी आणि नत्र जास्त, हेच कारण असतं. सर्वात उन्हाच्या जागी ठेवा आणि पाण्याचा ताण द्या, म्हणजे पानं किंचित मरगळू लागली की मगच पाणी. दोन-तीन आठवड्यांत टोकाशी रंग दिसू लागतो. कुंडी थोडी लहान असली तरी तिला चालतं.

आपण जिला फूल म्हणतो ती तीन रंगीत पानं असतात. त्यांच्या पोटात तीन नाजूक नळ्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी पांढरी चांदणी, ती खरी फुलं. एकदा भिंग घेऊन बघाच.

१२. शेवंतीला भरपूर ऊन आहे, तरी कळी येत नाही. असं का?

रात्री तिच्यावर दिवा पडतो का, ते बघा. शेवंती रात्री लांबल्या की कळी धरते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध असतो हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि इतर पिकांवरच्या प्रयोगांतून मांडलं. पुढे कळलं, की झाड खरं तर अखंड अंधार मोजतं. अंधार मधेच मोडला की त्याचा हिशोब पुन्हा सुरू.

माझ्याकडे एकाच गड्ड्याच्या दोन कुंड्या होत्या. एक दाराच्या दिव्याखाली, दुसरी पलीकडच्या भिंतीआड. भिंतीआडची बटणासारख्या कळ्यांनी भरली, तेव्हा दिव्याखालची अजून नुसती पानं काढत होती. कुंडी हलवता येत नसेल तर रोज संध्याकाळी ठरल्या वेळी खोक्याने झाका आणि सकाळी उघडा. कळ्या रंग दाखवेपर्यंत खंड नको. पॉइन्सेटियालाही हाच नियम.

१३. गुलाब लाल घेतला होता, आता वेगळीच फुलं येताहेत. रोप बदललं का?

रोप तेच, फांदी दुसऱ्याची. बाजारातले बरेचसे गुलाब जंगली खुंटावर (मुळं देणाऱ्या दुसऱ्या गुलाबावर) डोळा भरून, म्हणजे हव्या जातीचा कोंब बसवून, केलेले असतात. बुंध्याशी जी गाठ दिसते तिच्या खालून आलेला धुमारा खुंटाचा. तो जोमदार असतो आणि हळूहळू वरच्या जातीला उपाशी मारतो. माती बाजूला सारून तो मुळाशी जिथे फुटलाय तिथून ओढून काढा. नुसता कापला तर चार होऊन परततो. पानाला सात दलं म्हणजे जंगली, ही खूण भरवशाची नाही. गाठीच्या वर की खाली, एवढंच पाहा.

फांदी गाठीच्या वरून निघाली असून फुलाचा रंग वेगळा असेल तर ते आपोआप घडलेलं उत्परिवर्तन असू शकतं. आवडलं तर त्याच फांदीची कटिंग लावा (प्रश्न १६). सगळंच झाड फिकट फुलत असेल तर ती उन्हाळ्याची करामत. उष्णतेत लाल-गुलाबी रंगद्रव्य कमी बनतं, थंडीत तोच गुलाब गडद होतो.

१४. एकाच झाडावर दोन-तीन रंगांची फुलं दिसतात. कलम केलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही, फुलं वयाप्रमाणे रंग बदलतात. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी आणि पुढे लाल होते. ब्रुनफेल्सिया जांभळ्यावरून फिकट होत पांढरा होतो. घाणेरीच्या गुच्छात आतली नवी फुलं पिवळी आणि कडेची जुनी गुलाबी किंवा केशरी दिसतात. फुलपाखरांना त्यावरून मध कुठे आहे ते कळतं.

हायड्रेंजियाची गोष्ट निराळी. त्याचा रंग मातीवर ठरतो. सामू (pH, मातीचा आंबटपणा मोजणारा आकडा; जितका कमी तितकी माती आंबट) साडेपाचच्या खाली असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम झाडाला मिळतं आणि फुलं निळी होतात, साडेसहाच्या वर गुलाबी. पांढऱ्या जाती मात्र बदलत नाहीत.

१५. वर्षभर रंग कसा राहील? आणि कोणते रंग शेजारी लावू?

सगळं एकदम फुलणारं घेऊ नका. इक्झोरा, सदाफुली, जास्वंद अशी जवळजवळ सतत फुलणारी झाडं पाया म्हणून ठेवा. त्यांच्यात उन्हाळ्याचा मोगरा, पावसाळ्यातली लिली आणि थंडीची शेवंती पेरा. एकेक झाड विखरून लावण्यापेक्षा एकाच रंगाची तीन रोपं जवळजवळ लावा, लांबून रंग उठून दिसतो. पिवळा आणि जांभळा एकमेकांना उजळवतात. संध्याकाळीच बागेत बसत असाल तर पांढरी फुलं जास्त ठेवा, अंधारात गडद लाल आधी हरवतो.

१६. रोपं घरीच कशी वाढवू? बी लावलं तर चालेल?

सदाफुली आणि गोकर्ण बियांपासून छान येतात, मात्र संकरित जातीचं बी आईसारखंच फुलेल याची खात्री नाही. हवं तेच फूल पाहिजे असेल तर फांदी लावा. जास्वंद, मोगरा, बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड, सहा इंची फांदी घ्या. खालचा काप पेराच्या लगेच खाली, वरची दोनच पानं ठेवा आणि ओलसर कोकोपीट-वाळूत सावलीत लावा. ओढून बघण्याचा मोह टाळा.

शेवंतीच्या बुंध्याभोवती फुलं संपल्यावर काश्या, म्हणजे जमिनीतून येणारे नवे कोंब, फुटतात, त्या मुळांसकट वेगळ्या करा. कर्दळ, डेलिली, जर्बेरा दर दोन-तीन वर्षांनी उपसून विभागले नाहीत तर मधूनच विरळ होत जातात. जर्बेरा परत लावताना पानं जिथून निघतात तो मधला भाग मातीच्या वर राहू द्या, पुरला की कुजतो. निशिगंधाचा फुललेला कंद बहुधा पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवतीची पिल्लं पुढे फुलतात, म्हणून तो फेकू नका.

१७. घरात लहान मूल आणि मांजर आहे. कोणती झाडं टाळू?

कण्हेर, लाल-पांढरी असो की पिवळी, अंगाखांद्यासकट विषारी आहे. अडेनियमचा चीकही तसाच. घाणेरीची हिरवी फळं आणि पानं घातक, शिवाय ती मोकळ्या जागेत बेसुमार पसरते. ब्रुनफेल्सिया कुत्र्यांसाठी धोक्याचा. मांजर असेल तर लिलियम गटातल्या लिली आणि डेलिली घरात आणूच नका. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या आणि झाडाची एक फांदी सोबत घ्या.

१८. थंड प्रदेशातलं पिओनी किंवा ट्युलिप उबदार हवेत दुसऱ्या वर्षी फुलत का नाही?

त्यांना कळी जागवायला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. ती मिळाली नाही तर नुसती पानं येतात. ट्युलिपचे कंद आधी थंड करून आणलेले असतात म्हणून पहिल्या वर्षी फुलतात. लव्हेंडर थंडीवाचून तगेल, पण दमट हवा आणि ओली माती त्याला मारते. या झाडांवर झुरण्यापेक्षा निळ्यासाठी प्लुंबॅगो आणि मोठ्या भरगच्च फुलांसाठी डबल जास्वंद लावा, समाधान जास्त मिळेल. (मधमाश्या हव्या असतील तर एकेरी पाकळ्यांचं घ्या. भरगच्च फुलांत बरेचसे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात.)

१९. झाड पूर्ण सुकलंय. मेलं की झोपलंय?

फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी असेल तर थोडं खाली, मग आणखी खाली, अगदी बुंध्यापर्यंत खरवडत या आणि जिथे हिरवं लागेल त्याच्या थोडं वर कापा. अडेनियमचा फुगीर बुंधा दाबून बघा, टणक असेल तर ठीक, पिचपिचीत असेल तर कुजलाय. कंदाची झाडं असतील तर माती हाताने उकरा आणि कंद घट्ट लागला तर परत झाकून ठेवा. तोवर पाणी अगदी बेताचं घाला, खत नको, आणि कुंडी रिकामी करायला पुढची ऊब येऊन दीड-दोन महिने होईपर्यंत थांबा.